मर्यादवेल आणि आपला पश्चिमेचा पट्टा

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "इतिहास" लिहायचं काम समितीने माझ्याकडे दिलं, तेव्हा अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर बहुधा नोंदणी, कन्व्हेयन्स, लिफ्ट, गणपती आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग असे विषय असावेत. ते सगळं अहवालात आहेच. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. जुन्या फायली, व्हाउचरं आणि इतिवृत्ताची वही पहिल्या पानापासून वाचायची सवय अजून गेलेली नाही. तशी आपली वही वाचली, तेव्हा एक गंमत लक्षात आली. गेल्या पंचवीस वर्षांत आपण सर्वांत जास्त ठराव ज्या विषयावर केले, तो विषय पाणी नाही, लिफ्ट नाही आणि मेंटेनन्सची थकबाकीही नाही. तो आहे बी-विंग आणि पश्चिमेची भिंत यांच्यामधला जमिनीचा पट्टा. लांबी साधारण १२० फूट, रुंदी ३५ फूट.

आज त्या पट्ट्यावर मर्यादवेल पसरलेली आहे. नव्याने राहायला आलेल्या अनेकांना ती आपोआप उगवलेली रानवेल वाटते. एका तरुण सभासदाने मला विचारलंही, "काका, हे झाडोरं साफ का करत नाहीत?" त्याला जिन्यात उभ्या उभ्या जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. कारण येत्या वार्षिक सभेत या पट्ट्याचा विषय पुन्हा येणार आहे, आणि मत देणाऱ्या बत्तीस सदनिकांपैकी निम्म्यांहून अधिक कुटुंबं २०१५ नंतर आलेली आहेत.

वाडी होती तेव्हा

आपली जागा मुळात नारळाची वाडी. पूर्वेच्या अर्ध्या भागात नारळ आणि विहीर. पश्चिमेला, म्हणजे समुद्राच्या अंगाला, नुसती पुळण. अलिबागच्या आसपास, ज्याला आपण अष्टागर म्हणतो त्या सगळ्या किनाऱ्यावर, वाड्यांची ठेवण साधारण अशीच दिसते. आधी पुळण, मग केवडा आणि सुरू, मग नारळ, आणि नारळाच्या सावलीत सुपारी. ज्याला खारा वारा जास्त सोसतो तो पुढे उभा, ज्याला सोसत नाही तो मागे. ही आखणी कुणा आर्किटेक्टची नाही. पिढ्यानपिढ्या झाडं लावून आणि मरताना पाहून लोकांनी ती बसवली.

यातला सुरू त्या मानाने अलीकडचा. हे झाड मूळचं आपलं नव्हे. कारवारच्या किनाऱ्यावर १८६८ च्या सुमारास त्याची लागवड सुरू झाली आणि नंतर ते पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र दिसू लागलं. त्याच्या कितीतरी आधीपासून पुळणीवरची वाळू धरून ठेवण्याचं काम मर्यादवेल करत आली आहे.

आपल्या आवारातही ती होती. ऑफिसच्या कपाटात १९९८ च्या भूमिपूजनाचा एक रंगीत फोटो आहे. पुढे भटजी, नारळ, कुदळ आणि सफारी घातलेली मंडळी. त्यांच्या मागे जमिनीवर हिरवं जाळं पसरलंय आणि त्यात जांभळट फुलं. ज्यांच्याकडून ही जागा घेतली गेली त्या घरातले आजोबा २०१२ पर्यंत आपल्याकडे संध्याकाळी येऊन बसत. ते सांगत, की वाडीच्या पश्चिमेला त्यांच्या वडिलांनी कधी फावडं लावू दिलं नाही. कारण विचारलं तर म्हणत, "ती वेल आहे तिथपर्यंत समुद्राचं, तिच्या अलीकडे आपलं."

लॉनची दहा वर्षं

२००० साली आपली सोसायटी नोंदली गेली. त्याआधीच बिल्डरने बुलडोझर लावून जमीन सपाट केली होती, वेल मुळासकट काढली होती आणि वाळूवर लाल मातीचा थर टाकून लॉन केलं होतं. छापील माहितीपत्रकात "समुद्रकिनारी हिरवागार बगीचा" असं होतं, त्यामुळे बगीचा देणं भाग होतं. पहिल्या पावसाळ्यात लॉन फार छान दिसलं असं जुने सभासद सांगतात. दिवाळीच्या फोटोंतही ते हिरवं आहे. होळीच्या फोटोंत मात्र ते पिवळं पडलेलं दिसतं.

यात माळ्याचा दोष नव्हता. वाळू पाणी धरून ठेवत नाही. वरून घातलेलं पाणी सरळ खाली जातं. दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. ते पानावर बसले की पानातलं पाणी ओढून घेतात आणि गवताची टोकं करपतात. ती धुवायला पुन्हा पाणी लागतं. ते पाणी आपण विहिरीतून उपसत होतो, आणि एप्रिल-मेमध्ये विहीरच मचूळ व्हायची. म्हणजे मिठाने करपलेल्या गवतावर आपण मिठाचंच पाणी घालत होतो.

इतिवृत्तात २००२, २००४ आणि २००७ असे तीन ठराव आहेत, तिन्हींचा विषय "बगीचा नूतनीकरण". पहिल्या दोन वेळा पुन्हा लॉन, तिसऱ्या वेळी लॉनबरोबर गुलाब आणि मेंदीचं कुंपण. प्रत्येक वेळी लाल मातीचे ट्रक आले आणि प्रत्येक पावसाळ्यात त्यातली बरीचशी माती गटारात गेली. मी सगळी व्हाउचरं जोडून बेरीज केली. माती, गवत, खत आणि मजुरी मिळून १ लाख ८६ हजार रुपये. पंपाच्या विजेचं बिल त्यात धरलेलं नाही, कारण ते वेगळं काढता येत नाही. बँकेच्या भाषेत याला एनपीए म्हणतात. त्या वेळच्या समितीने सगळं प्रामाणिकपणे केलं हेही सांगायला हवं. बगीचा म्हणजे लॉन, असंच तेव्हा सगळीकडे समजलं जात होतं.

११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. त्यात उरलीसुरली लाल माती गेली आणि खालची वाळू उघडी पडली. तिथून खरा त्रास सुरू झाला. बी-विंगच्या तळमजल्यावरच्या चारही कुटुंबांचे अर्ज फाइलमध्ये आहेत. एका अर्जात लिहिलंय की कणीक मळताना हाताला वाळू लागते. दुसऱ्यात, आजारी सासूबाईंच्या खोलीची खिडकी दिवसभर बंद ठेवावी लागते. समितीने हिरवी जाळी लावली, ती फाटली. भिंत दोन फुटांनी वाढवली, पण वाळू काही थांबली नाही. सगळ्यांचा समज होता की ही वाळू समुद्रावरून भिंत ओलांडून येते. मधे सुरूचं बन आहे, भरतीची रेषा अडीचशे मीटर लांब आहे, हे कुणी लक्षात घेतलं नाही. वाळू येत होती ती भिंतीच्या आतल्या आपल्याच उघड्या पट्ट्यावरून.

हे पहिल्यांदा स्पष्ट बोलून दाखवलं ते दारावर म्हावरं घेऊन येणाऱ्या मावशींनी. २०११ च्या एप्रिलमध्ये मी निवृत्त होऊन इथे राहायला आलो, त्याच महिन्यातली गोष्ट. तळमजल्यावरच्या वहिनी पायरी झाडत होत्या आणि वाळूच्या नावाने बोटं मोडत होत्या. मावशी टोपली उतरवता उतरवता म्हणाल्या, "येल तुमीच उपटली ना, मंग वाळू घरान नाय येनार तं कुटं जानार?"

नावाची गोष्ट

या वेलीचं मराठी नाव फार विचार करून ठेवलेलं आहे. मोठ्या उधाणाची भरती जिथपर्यंत पोचते त्याच्या जरा वर ही वेल सुरू होते. समुद्राची मर्यादा दाखवते ती मर्यादवेल. कुणी मर्यादावेलही म्हणतात. समुद्र मर्यादा सोडत नाही, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. त्या मर्यादेची खूण म्हणून एका वेलीकडे बोट दाखवणं हे ज्याला सुचलं, तो रोज किनाऱ्यावर वावरणारा असणार.

पान पाहिलंत तर आपट्याच्या पानाची आठवण होईल. मधे घडी, दोन बाजूंना दोन पाळ्या. पाश्चात्त्यांना त्यात शेळीचं खूर दिसलं. लिनियसने १७५३ साली तिच्या शास्त्रीय नावात 'पेस-काप्री' हे शब्द घातले, म्हणजे लॅटिनमध्ये शेळीचं पाऊल. पुढे १८१८ मध्ये रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला 'इपोमिया' या प्रजातीत बसवलं. इंग्रजांच्या काळातल्या ग्रंथांत ती 'इपोमिया बायलोबा', म्हणजे दोन पाळ्यांची, या नावानेही सापडते. दक्षिणेत तिला तमिळमध्ये अडुंबू आणि मल्याळममध्ये त्याच्याच जवळचं नाव आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ संगम काव्यात समुद्रकिनाऱ्याचं वर्णन आलं की अडुंबू येतेच. तिथल्या कवींनी तिच्या पानाला हरणाच्या खुराची उपमा दिली आहे.

या वेलीच्या इतिहासात आपल्या कोकणी माणसांचाही एक धागा आहे. सतराव्या शतकात कोचीनला हेंड्रिक व्हान ऱ्हीड नावाचा डच अधिकारी होता. त्याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. या कामात इट्टी अच्युतन हे केरळी वैद्य होते, आणि त्यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन गौड सारस्वत कोकणी वैद्यही होते. ग्रंथातली माहिती खरी असल्याचं त्यांनी दिलेलं १६७५ सालचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत छापलेलं आहे. त्या ग्रंथाच्या अकराव्या खंडात आपल्या मर्यादवेलीचं चित्र आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी शहाण्या माणसांनी तिची नोंद घेतली होती. आपण मात्र तिला बुलडोझर लावला.

आणखी एक गंमत. इपोमिया या प्रजातीत आपल्या ओळखीचे पुष्कळ नातेवाईक आहेत. रताळं तिथलंच, नाळीची भाजी तिथली, कुंपणावरची गणेशवेल तिथली. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला कुठेही माजणारं 'बेशरम' नावाचं झुडूपसुद्धा तिथलंच. एकाच घराण्यात बेशरम आणि मर्यादा असणं ही काही फक्त माणसांचीच तऱ्हा नाही.

चाळीस काड्या

मावशींचं बोलणं ए-विंगमधल्या बाईंनी मनावर घेतलं. त्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मे महिन्याच्या विशेष सभेत त्यांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं, ते मला अजून आठवतं. वारा वाळू उचलून फार उंच नेत नाही. बहुतेक कण जमिनीलगत उड्या मारत पुढे सरकतात. जमिनीवर पानांचं जाळं असलं की तेवढ्या थरातला वारा मंदावतो आणि कण तिथेच खाली बसतात. दुसरी झाडं अशी वाळूत पुरली गेली तर मरतात. मर्यादवेलीचं उलटं आहे. तिच्या खोडाचं पेर वाळूखाली गेलं की तिथे नवी मुळं फुटतात आणि शेंडा वर येतो. जितकी वाळू पडते तितकी ती चढते. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या अशाच वाढतात. पावसाळ्यात समुद्र पुळणीवरची वाळू ओढून आत नेतो, हिवाळ्यात पुष्कळशी परत आणून टाकतो. या टेकड्या म्हणजे किनाऱ्याची ठेव. अडचणीच्या वेळी समुद्र त्यातून काढतो आणि नंतर भरतो. ठेवच मोडून टाकली तर काढायला आणि भरायला काही राहत नाही.

ठराव मंजूर झाला, पण एकमताने नाही. साप येतील, उंदीर होतील, मुलांनी खेळायचं कुठे, फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाइकाला काय दाखवायचं, असे चार आक्षेप वहीत नोंदलेले आहेत. चारही आक्षेप वाजवी होते. म्हणून ठरावात अटी घातल्या गेल्या. पूर्वेचा चौक मुलांसाठी मोकळा राहील, पट्ट्याच्या मधून चार फुटांची पायवाट राहील, आणि वेल पायवाटेवर आली की छाटली जाईल. खर्चाची मंजुरी होती तीन हजार रुपये. प्रत्यक्षात खर्च झाला अकराशे, आणि तोही माळ्याच्या मजुरीचा.

लागवड कशी केली ते लिहून ठेवतो. कुणाच्या गावी किनाऱ्याजवळ घर असेल तर उपयोग होईल.

रोप विकत आणलं नाही. किनाऱ्यावरच्या वेलीला हात लावायचा नाही, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटेवर आलेले, लोकांच्या पायाखाली तुडवले जाणारे फाटे तेवढे घेतले. जून उजाडला, दोन चांगले पाऊस झाले, तेव्हा हाताएवढ्या लांबीच्या चाळीस काड्या कापल्या. प्रत्येक काडीला तीन-चार पेरं. कापल्यावर पांढरा चीक येतो, तो सुकू दिला. मग काडी उभी न रोवता वाळूत आडवी ठेवली, मधली पेरं तीन-चार बोटं खोल पुरली आणि शेंडा बाहेर ठेवला. दोन काड्यांत तीन फुटांचं अंतर. लाल माती नाही, शेणखत नाही. खत घातलं तर पानं माजतात आणि मुळं खोल जायचा आळस करतात. पावसाने उघडीप दिली तर पहिला महिनाभर संध्याकाळी थोडं पाणी. पुढे काही नाही.

बियांपासूनही ती येते, पण धीर लागतो. एका बोंडात चार बिया, मखमली लव असलेल्या. कवच इतकं टणक की त्या महिनोन्‌महिने समुद्रावर तरंगून दूरच्या किनाऱ्याला लागतात आणि तिथे रुजतात. जगातल्या उष्ण प्रदेशांतल्या बहुतेक किनाऱ्यांवर ही वेल सापडते, त्याचं कारण हेच. घरी रुजवायच्या तर बी एका बाजूने पॉलिश पेपरवर जरा घासून रात्रभर पाण्यात ठेवावी लागते. बी-विंगमधल्या मुलांनी सुट्टीत हा प्रयोग केला होता.

तिला तीन गोष्टी चालत नाहीत. सावली, साचलेलं पाणी आणि रोजची तुडवातुडव. भिंतीच्या उत्तर कोपऱ्यात बदामाखाली ती कधीच नीट धरली नाही. तिथे आपण कोयनेल लावली, ती खाऱ्या वाऱ्यात उत्तम टिकते. एरवी ऊन, मीठ, तापलेली वाळू आणि दोन-तीन महिने पाणी नसणं हे सगळं तिला सोसतं. मुळं खोल जातात आणि फाटे वीस-वीस मीटर लांब धावतात. म्हणून वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि मेमध्ये, कडा छाटाव्या लागतात. मर्यादा दाखवणाऱ्या वेलीला आपणही मर्यादा घालून द्यावी लागते.

चाळीसपैकी तेहतीस काड्या जगल्या. पहिल्या वर्षी पट्टा टक्कल पडल्यासारखाच दिसत होता आणि आक्षेप घेणाऱ्यांनी तसं बोलूनही दाखवलं. २०१२ च्या पावसाळ्यानंतर निम्मा भाग झाकला, २०१३ च्या दिवाळीला सगळा. त्या वर्षीपासून फाइलमध्ये वाळूबद्दल एकही अर्ज नाही. साप दोनदा दिसला, दोन्ही वेळा धामण होती, आणि उंदरांच्या तक्रारी वाढल्या नाहीत. सकाळी सात वाजता पायवाटेवरून गेलात तर शेकडो जांभळी-गुलाबी फुलं उघडलेली दिसतात. ऊन चढलं की मिटतात. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांनी ती पाहिलेली नसतात, कारण पाहुणे दहाला उठतात.

३ जून २०२०

लॉकडाऊनमुळे त्या वेळी सगळे घरात होते. दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. ज्यांनी ते अनुभवलं त्यांना त्याचं वर्णन नको. बाहेरच्या बनातले अकरा सुरू आडवे झाले, गच्चीवरचे पत्रे पूर्वेच्या नारळांत सापडले, पश्चिमेच्या भिंतीचा तीस फुटांचा तुकडा आत कोसळला. वीज यायला दोन आठवड्यांहून जास्त दिवस लागले.

इथे मला तोलून लिहायचं आहे. मर्यादवेलीने वादळ अडवलं असं मी म्हणणार नाही. कुठलीही वेल चक्रीवादळ अडवत नाही. पण दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंजण पट्टा पाहायला गेलो, तेव्हा जे दिसलं ते असं. जिथे वेल होती तिथली वाळू होती तिथेच होती. पानं फाटून चिंध्या झाल्या होत्या, पण जमिनीवरचं दोरखंडांचं जाळं शाबूत होतं. दक्षिणेच्या फाटकाजवळ, जिथे गाड्या लावून लावून वेल मेलेली होती, तिथे वारा आणि पाऊस मिळून गुडघाभर खड्डा पडला होता आणि तिथली वाळू ए-विंगच्या मीटर रूममध्ये शिरली होती. दोन जागांत अंतर वीस फुटांचं. पुढच्या तीन दिवसांत खारं पाणी लागून वेल तपकिरी पडली. सगळी मेली असं वाटलं. जूनअखेर पेरांपेरांतून पोपटी कोंब आले. भिंत बांधायला आपल्याला नऊ महिने लागले, वेलीने स्वतःची दुरुस्ती महिन्याभरात केली आणि कोटेशन मागवलं नाही.

पुढच्या वर्षी मेमध्ये 'तौक्ते' बाहेरून समुद्रातून उत्तरेला गेलं. फाटकाजवळच्या जागी मधल्या काळात काड्या लावल्या होत्या. तिथे पुन्हा खड्डा पडला नाही.

विहिरीचा हिशेब

वेलीचा दुसरा फायदा कुणी ठरवून केलेला नव्हता. लॉन होतं तेव्हा उन्हाळ्यात पंप रोज दीड-दोन तास त्याच्यासाठी चालायचा. वेलीला पाणी लागत नाही, म्हणून तो उपसा थांबला. आधी आपली विहीर मार्चअखेर मचूळ व्हायची. गेली दहा-बारा वर्षं ती मेच्या मध्यापर्यंत गोडी धरून असते. माळ्याच्या वहीत या नोंदी आहेत.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते जरा हलकं असतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी याचा हिशेब मांडला. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असतं. म्हणजे वरचं एक फूट आपण उपसून संपवलं, तर खालून खारं पाणी चाळीस फूट वर यायला लागतं. प्रत्यक्षात हे सगळं इतकं सरळ चालत नाही, पण दिशा हीच. आणि वरचा तो एक फूट भरतो कशाने? पावसाळ्यात उघड्या वाळूतून मुरणाऱ्या पाण्याने. आपल्या आवारात इमारती, रस्ता आणि चौकातल्या फरशा सोडल्या तर पाणी मुरायला मोठी जागा एकच उरली आहे. ती म्हणजे हा पट्टा.

आता पुढे

गेल्या वर्षीच्या सभेत या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक घालून चौदा गाड्यांची सोय करावी असा प्रस्ताव आला. चर्चेअंती तो यंदाच्या सभेपर्यंत पुढे ढकलला. गाड्यांची अडचण खोटी नाही. २००० साली आपल्याकडे सात गाड्या होत्या, आज एकतीस आहेत. रात्री उशिरा कामावरून येणाऱ्या मुलामुलींना बाहेर रस्त्यावर गाडी लावून यावं लागतं, पावसाळ्यात ते धड नाही. प्रस्ताव मांडणारे आपलेच आहेत आणि ते कुणाचं वाईट करायला निघालेले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की मत देण्याआधी खात्यात काय आहे ते बघावं. पेव्हर ब्लॉकखाली मुरूम आणि खडी दाबून बसवतात. तिथे वेल राहणार नाही आणि पाणी आजच्यासारखं मुरणार नाही. एकदा दाबलेली जमीन पुन्हा सैल करायची म्हटलं तर काय लागतं, ते लॉनच्या दहा वर्षांनी आपल्याला दाखवलं आहे. आणि आपण समुद्राजवळ राहतो. देशाच्या किनारपट्टीच्या सरकारी अभ्यासात १९९० पासूनच्या नोंदी पाहिल्या, तर जवळजवळ एक तृतीयांश किनारा झिजताना दिसतो. ही गोष्ट आपल्या हातात नाही. आपल्या हातात १२० बाय ३५ फुटांचा एक तुकडा आहे.

पर्याय म्हणून मी आणि माजी चिटणीसांनी टेप घेऊन मापं काढली. दोन विंगांमधल्या रस्त्यावर गाड्या तिरक्या लावल्या तर आज आहेत त्याहून नऊ जास्त बसतात, आणि फायर ब्रिगेडच्या गाडीला लागणारी जागाही सुटते. चौदा आणि नऊ यांत फरक पाचाचा. पाच गाड्यांसाठी तोडगा काढणं बत्तीस कुटुंबांना जड जाऊ नये. नकाशा नोटीस बोर्डावर लावला आहे. त्यात चूक दिसली तर जरूर सांगा.

सभा मेच्या तिसऱ्या रविवारी, सायंकाळी पाच वाजता आहे. त्या दिवशी साडेचारला, वारा जोरात असतानाच, बी-विंगच्या मागे जमू या, असं मी सुचवतो. फाटकाच्या बाहेर जी उघडी वाळू आहे तिच्यावर एक मिनिट उभं राहायचं, मग आत येऊन वेलीजवळ एक मिनिट. पोटऱ्यांना फरक कळतो. त्यानंतर वर येऊन ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने मत द्यावं. ठराव काहीही होवो, वहीत तो नीट लिहिला जाईल याची काळजी मी घेईन.

मावशींची आता सून येते टोपली घेऊन. बाई गेल्या वर्षी मुलीकडे पुण्याला राहायला गेल्या. त्यांनी फोनवर निरोप दिलाय, की ऑक्टोबरातली छाटणी झाली की काड्या फेकून देऊ नका, ज्यांची घरं किनाऱ्याला आहेत त्यांना वाटा. ज्यांना हव्या असतील त्यांनी नावं माळ्याकडे द्यावीत. पैसे पडणार नाहीत.